शाळा सुटल्यावरचे तास

“आमच्या शाळेत व्यसनमुक्तीवर एक चांगलं व्याख्यान ठेवायचंय. कोणाला बोलवावं?”

हा प्रश्न कधी मुख्याध्यापक विचारतात, कधी पालक-शिक्षक संघातली एखादी आई, कधी मंडळाचा कार्यकर्ता. विचारण्यामागे कळकळ असते आणि थोडी घाईही, कारण २६ जून तोंडावर आलेला असतो. त्या दिवशी जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. प्रभातफेरी, फलक, हात पुढे करून शपथ, फौजदारसाहेबांचं नाहीतर डॉक्टरांचं भाषण, आभार, बिस्किटाचा पुडा. (तंबाखूविरोधी दिन ३१ मेला येतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते. त्यामुळे दोघांचा हिशेब एकाच सकाळी उरकावा लागतो.)

प्रश्नाचं खरं उत्तर जरा कडू आहे. कोणालाही बोलवा, फारसा फरक पडणार नाही. व्याख्याता वाईट असतो म्हणून नव्हे. मूल व्यसनाकडे वळतं ती जागा आणि ती वेळ व्याख्यानाच्या आवाक्यातच नसते. ती जागा कुठली, ती वेळ कुठली आणि तिथे कोणी उभं राहायचं, ते या प्रकरणात पाहू.

१. फौजदारसाहेब वर्गात येतात तेव्हा

१९८३ साली लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांच्या पुढाकारानं तिथल्या शाळांत ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा आणि आठवड्याला एक असे सतरा तास घ्यायचा. कोणता पदार्थ शरीराचं काय करतो, मित्रानं आग्रह केला तर ‘नाही’ कसं म्हणायचं, स्वतःबद्दल आदर कसा बाळगायचा. कार्यक्रम सगळ्यांनाच आवडला. पालकांना वाटलं, शाळा काहीतरी करतेय. शाळेला वाटलं, पोलीस काहीतरी करताहेत. पोलिसांना मुलांसमोर हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहता आलं. बघता बघता अमेरिकेतल्या सुमारे तीन-चतुर्थांश शालेय जिल्ह्यांत डेअर पोचला.

मग काही संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. केंटकी राज्यात सहावीत हे तास झालेल्या मुलांना त्यांनी दहा वर्षांनी, ती विशीत आल्यावर, पुन्हा गाठलं. हे तास न मिळालेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. दोघांत फरक सापडला नाही. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये अमेरिकन सरकारच्या सर्जन जनरलांनी, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख प्रवक्त्यांनी, आपल्या अहवालात डेअरची नोंद ‘उपयोग होत नाही’ या गटात केली. पुढे डेअरनं आपला अभ्यासक्रम बदलला, पण ही सगळी उठाठेव व्यर्थ आहे हे कळायला जवळजवळ दोन दशकं गेली होती.

असं का झालं? पहिलं कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं व्यापलेला असतो. ते चित्र मधोमध फाडूनच माणूस पुडी उघडतो. त्याच्याकडे माहिती आहे. माहितीचा तुटवडा हे व्यसनाचं कारण क्वचितच असतं. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. व्याख्याते पोटतिडकीनं सांगतात, “आजची सगळी तरुण पिढी याच्या विळख्यात सापडलीय!” तेरा वर्षांच्या मुलाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की सगळे करतात आणि मीच मागे राहिलोय.

२. वर्षाचे तास मोजू

आता एक छोटं गणित. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितलं आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. मूल रोज साडेआठ तास झोपतं असं धरलं तर झोपेत गेले सुमारे ३,१००. उरले ५,६६०. त्यातले शाळेचे १,०००.

म्हणजे जागेपणीच्या सहा तासांतला जेमतेम एक तास शाळेकडे आहे. बाकीचे पाच घरात, जिन्यात, क्लासला जाता-येता, मैदानावर, मोबाइलवर आणि चौकात जातात. व्यसनाचा प्रश्न मात्र आपण त्या एका तासावर सोपवतो, आणि त्यातल्याही वर्षाच्या चाळीस मिनिटांवर.

सकाळच्या सत्रातली शाळा दुपारी साडेबाराला सुटते. आई-वडील दोघं कामावर असतील तर घरात माणूस यायला संध्याकाळचे सात वाजतात. मधले साडेसहा तास कोणाचे? शाळा म्हणते, फाटकाबाहेरचं आम्हाला विचारू नका. पालक म्हणतात, आम्ही पोटापाण्याच्या मागे. पोलीस म्हणतात, तक्रार आली तर बघू. हे तास कोणाच्याच वहीत नाहीत.

३. तरणे बैल, कच्चा कासरा

मधल्या तासांत मुलाला नेमकं काय हवं असतं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

वयात येताना मेंदूतला थरार शोधणारा, बक्षिसासाठी आसुसलेला भाग आधी जागा होतो. ‘याचा परिणाम काय होईल’ असा विचार करणारा, कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. गाडीला तरणे बैल जुंपलेत आणि कासरा अजून वळून झालेला नाही, अशी ही दहा वर्षं. अशा वेळी बैलांना व्याख्यान देऊन भागत नाही. शेजारी एखादा जाणता माणूस बसवावा लागतो आणि रस्त्याच्या कडेला दरी नसेल असं बघावं लागतं.

हार्वी मिल्कमन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करत होता. त्याला प्रश्न पडला की कोणी हेरॉइन घेतं, कोणी उत्तेजक गोळ्या घेतं, हे ठरतं कशावरून? त्याच्या लक्षात आलं की ज्याला ताणापासून सुन्न व्हायचंय तो पहिल्याकडे वळतो आणि ज्याला ताणावर तुटून पडायचंय तो दुसऱ्याकडे. पदार्थ हे निमित्त आहे. माणूस मागे लागतो तो आपल्या मनाची अवस्था बदलण्याच्या. मग तोच बदल दुसऱ्या कशातून मिळाला तर?

१९९२ मध्ये डेन्व्हर शहरात त्यानं हे करून पाहिलं. किरकोळ गुन्हे आणि नशापाणी यांत अडकलेल्या मुलांना ‘तुम्हाला सुधारायचंय’ असं कोणी म्हटलंच नाही. तुम्हाला काय शिकायचंय, एवढंच विचारलं. संगीत, नाच, चित्रकला, कराटे, जे म्हणाल ते. तीन महिन्यांसाठी आखलेल्या कार्यक्रमात काही मुलं पाच-पाच वर्षं राहिली.

पुण्यात जुलै महिन्यात संध्याकाळी नदीकाठी गेलात तर ढोल-ताशा पथकांचा सराव दिसतो. सतरा वर्षांचा पोरगा घामानं निथळतोय, हाताला फोड आलेत, शेजारच्या पंचवीस जणांशी त्याचा ठेका जुळलाय आणि तो चुकला तर पथकप्रमुख सगळ्यांसमोर झापणार आहे. मिल्कमनला जे सांगायचंय ते त्या चेहऱ्यावर दिसतं. (आवाजाबद्दल माझंही मत चांगलं नाही. पण तो विषय वेगळा.)

४. माथ्यापासून पायथ्यापर्यंत

पाणलोटाचं काम पाहिलेल्या माणसाला एक नियम ठाऊक असतो, काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं. डोंगरावर चर खणले नाहीत, बांध घातले नाहीत आणि खाली नुसता बंधारा बांधला, तर चार पावसाळ्यांत तो गाळानं भरतो.

व्यसनमुक्ती केंद्र हा पायथ्याचा बंधारा. तो लागतोच. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’, मुंबई-पुण्यात पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे मदतीला पुढे आले आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. हजारो घरं तिथे सावरली. पण मुक्तांगणच्या दारात येणारा माणूस डोंगराच्या सगळ्या उतारावरून घसरत आलेला असतो. तो माथ्यावर कुठे घसरला?

वॉशिंग्टन विद्यापीठातले डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांनी नेमका हा शोध घेतला. त्यांची मांडणी साधी आहे. मुलाच्या आयुष्यात काही धोके असतात आणि काही आधार. हाताशी पदार्थ सहज मिळणं, घरातच वापर असणं, शाळेत मन न लागणं, ‘यात काय एवढं’ म्हणणारा शेजार, हे धोके. एखाद्या मोठ्या माणसाशी घट्ट नातं, शाळेत आपली कोणाला तरी किंमत आहे ही भावना, काहीतरी जमतंय याचा आनंद, हे आधार. एकेकट्या धोक्यानं फारसं बिघडत नाही. ते साठत गेले की उतार निसरडा होतो. आणि प्रत्येक गावाचा उतार वेगळा. एका ठिकाणी टपरी हा मुख्य धोका असेल, दुसरीकडे दुपारचं रिकामं घर.

म्हणून आधी गावातल्या मुलांनाच विचारून धोके मोजायचे, मग शाळा, पालक, पोलीस, दवाखाना, दुकानदार यांनी एकत्र बसून त्यातले दोन-तीन निवडायचे आणि त्यांवरच काम करायचं, अशी पद्धत त्यांनी घडवली. २००३ पासून अमेरिकेच्या सात राज्यांतल्या २४ लहान गावांवर तिची परीक्षा झाली. निम्म्या गावांत ही पद्धत, निम्म्यांत नेहमीचं जसं चालतं तसं. कोणतं गाव कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलेलं. पाचवीपासून चार हजारांहून जास्त मुलांचा माग ठेवला. ती आठवीत आली तेव्हा ज्या गावांनी हे काम केलं तिथे दारू, सिगारेट आणि चघळायचा तंबाखू यांची सुरुवात करणारी मुलं कमी होती. मारामारी, चोरी यांसारखे प्रकारही कमी होते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

५. थंड बेटावरची गोष्ट

या विषयात आइसलँडचं नाव टाळता येत नाही. अख्ख्या देशाची लोकसंख्या आज चार लाखांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेतल्या जळगाव शहराहूनही कमी. १९९०च्या दशकात शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या मुख्य रस्त्यावरून चालणं नकोसं वाटावं, इतकी तिथली पोरं प्यायलेली असत. १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं, गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलात का? ४२ टक्के ‘हो’ म्हणाले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्के होते, गांजा कधीतरी ओढलेले १७ टक्के.

२०१६ साली हेच आकडे अनुक्रमे ५, ३ आणि ७ टक्के झाले.

मधल्या काळात काय झालं? मिल्कमन १९९१ पासून तिथे जात-येत होता. १९९२ मध्ये शाळाशाळांतून मुलांची निनावी प्रश्नावली भरून घेतली गेली. प्रश्न फक्त नशेचे नव्हते. आई-वडिलांसोबत किती वेळ असता? शनिवारी रात्री तुम्ही कुठे असता हे त्यांना माहीत असतं का? आठवड्यातून किती वेळा खेळायला जाता? संशोधक इंगा डोरा सिगफुसडोटिर आणि तिच्या सहकाऱ्यांनी उत्तरं मांडली तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. न पिणाऱ्या मुलांमध्ये चार गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. ती आठवड्यातून तीन-चार वेळा नियमित खेळ किंवा छंदाला जात. आई-वडिलांसोबत, आणि तेही सुट्टीच्या दिवशीच नव्हे तर एरवीही, बराच वेळ घालवत. शाळेत आपली कोणीतरी काळजी करतं असं त्यांना वाटे. आणि ती रात्री उशिरापर्यंत बाहेर नसत.

यातली एकही गोष्ट नशेबद्दल नाही, हे पाहिलंत?

मग सरकार, नगरपालिका, शाळा आणि पालकसंघ कामाला लागले. तंबाखू विकत घ्यायला वय १८, दारूला २०, जाहिरातींवर बंदी. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकट्यानं बाहेर राहायचं नाही. (तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून बारा.) प्रत्येक शाळेत पालकसंघ. खेळ, संगीत, नृत्याच्या वर्गांना सरकारी पैसा. रेक्याविकमध्ये तर प्रत्येक मुलाच्या नावानं छंदासाठी वर्षाला ठरावीक रक्कम, एका टप्प्यावर ३५,००० क्रोना. आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा संघटित खेळ खेळणारे १९९७ मध्ये २४ टक्के होते, २०१२ मध्ये ४२ झाले. एरवीच्या दिवशी आई-वडिलांसोबत बराच वेळ असतो म्हणणारे २३ वरून ४६ टक्क्यांवर गेले.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती आणखी एक बारीक गोष्ट. प्रश्नावली पुन्हा पुन्हा होत राहिली आणि प्रत्येक शाळेला तिचा निकाल दोन-तीन महिन्यांत मिळू लागला. आपल्याकडे अहवाल येतो तेव्हा ज्या मुलांना प्रश्न विचारले ती कॉलेजात पोचलेली असतात.

शंकाही घेतल्या पाहिजेत. देश लहान, श्रीमंत, दारू महाग. सिगारेट त्या काळात सगळ्या युरोपातच कमी होत होती. तुलनेला दुसरा आइसलँड नव्हता, त्यामुळे घट नेमकी कशामुळे, हे शंभर टक्के सांगता येत नाही. पुढे ई-सिगारेट आणि ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या लहान पिशव्या तिथेही घुसल्याच. तरीही चर माथ्यावर खणले की काय होऊ शकतं, याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं नाही.

६. “बाकीच्यांचे आई-बाबा सोडतात!”

हे वाक्य रेक्याविकमध्येही बोललं जातं आणि रत्नागिरीतही. त्यावर आइसलँडच्या पालकांनी काढलेली तोड स्वस्त आणि शहाणपणाची आहे.

समजा, एका इमारतीत नववीतल्या चार मुलांची चार घरं आहेत. नव्या वर्षाच्या रात्री गच्चीवर पार्टी. मोठं कोणी नसणार. पहिलं घर ‘नाही’ म्हणतं. मुलगा म्हणतो, बाकीच्या तिघांना सोडलंय. बाकीच्या तीन घरांतही हेच चाललेलं असतं, प्रत्येक घराला वाटतं आपणच एकटे जुनाट. शेवटी चारही घरं मनाविरुद्ध सोडतात. आता हीच चार घरं आदल्या आठवड्यात चहाला एकत्र बसली आणि ठरवलं, की मोठं माणूस हजर असल्याशिवाय पार्टी नाही आणि आपल्या घरी कोणाच्याही मुलाला दारू दिली जाणार नाही. मुलाचं वाक्य तिथेच संपतं, कारण ते आता खरं राहिलेलं नाही.

आइसलँडमध्ये शाळेच्या पालकसभेत असे करार कागदावर लिहून सह्या होतात. काही पालक शनिवार-रविवारच्या रात्री वस्तीतून फेरीही मारतात. पोलीसगिरी करत नाहीत, नुसते दिसतात.

आपल्याकडे हे करताना एक तिरपी गोष्ट सांभाळावी लागेल. ‘सातच्या आत घरात’ हा नियम मराठी घरांत आहेच, पण तो मुलीला. मुलगा अकराला आला तरी आई झाकलेलं ताट पुढे करते. करार करायचा तर दोघांसाठी एकच वेळ लिहावी लागेल, आणि त्या बैठकीला वडिलांनी यावं लागेल.

७. सुरक्षित शाळा कशाला म्हणायचं?

मघाचा मुद्दा आठवा. नशा कमी झाली त्या गावांत मारामारीही कमी झाली. दोन्हींची मुळं बऱ्याच अंशी एकच असतात. शाळेत ज्याची रोज टर उडवली जाते, ज्याचं नाव शिक्षकांना फक्त ओरडताना आठवतं, तो दोन्हींकडे सरकतो. म्हणून व्यसनाची एक समिती, सुरक्षेची दुसरी, असं करण्यात अर्थ नाही.

सुरक्षा म्हटलं की आपल्याला कॅमेरा आठवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य शासनानं जो आदेश काढला त्यात सीसीटीव्ही होता, तशीच तक्रारपेटी होती आणि सखी सावित्री समितीही होती. चर्चा कॅमेऱ्याचीच झाली. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. “आज गप्प का आहेस गं?” असं त्याला विचारता येत नाही.

आणि कॅमेरा फाटकापर्यंत. पुढचा रस्ता? शिकागो शहरात २००९ पासून ‘सेफ पॅसेज’ नावाची योजना आहे. टोळीयुद्धाच्या वस्त्यांतून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर, शाळा भरताना आणि सुटताना, त्याच वस्तीतली माणसं चमकदार जाकिटं घालून कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहतात. आया, आज्या, निवृत्त कामगार. त्यांना त्याचे पैसे मिळतात. अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा या वाटांवरचे गुन्हे कमी झालेले आढळले. त्या माणसांकडे शस्त्र नसतं. त्यांना मुलांची नावं पाठ असतात.

आपल्या शाळेसमोर रोज उभे असणारे रिक्षावाले काका, बोरं-चिंचा विकणारी मावशी, वळणावरचा सायकलवाला यांनाही मुलांची नावं पाठ असतात. त्यांना बैठकीला कोणी बोलावत नाही, एवढंच.

८. शंभर यार्ड

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला कुठेही नाही. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर; मधल्या सुट्टीत जाऊन यायला काही अडचण नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. टपरीवाला तो गल्ल्यातून काढून देतो आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळतो.

पण त्याच टपरीला दुसराही एक कायदा लागू होतो, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. बालन्याय अधिनियम, २०१५, कलम ७७. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तीच पुडी, तोच मुलगा. एका कायद्यानं दोनशे रुपये, दुसऱ्यानं सात वर्षं. पोलीस ठाण्यात जाताना कलमाचा आकडा सांगावा.

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, असतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यावर छापा घातला तेव्हा शेकडो किलो सापडलं, तसं काही झालं की पालक हादरतात. हादरण्यासारखं आहेच. पण बहुतेक मुलांची पहिली पायरी इतकी थरारक नसते. ती विदर्भात खर्रा असते, पश्चिम महाराष्ट्रात मावा, आणि कित्येक घरांत आजीच्या मशेरीची डबी. तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत साडेआठ टक्के मुलं तंबाखूचं काही ना काही वापरत होती. चघळायचा तंबाखू घेतलेल्यांपैकी निम्म्यांनी सुरुवात दहाव्या वाढदिवसाच्या आधी केली होती. त्याच वर्षी आलेल्या ‘एम्स’च्या अहवालात एकच प्रकार असा होता ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं. तो म्हणजे हुंगायचे पदार्थ. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन. दहावं वर्ष आणि व्हाइटनर, म्हणजे बैठकीला स्टेशनरीवाला हवा, सायकलवाला हवा आणि आजीही हवी.

टपरी हटवण्यापेक्षा टपरीवाल्याला बैठकीला बसवण्यात जास्त अर्थ असतो, हे गडचिरोलीत दिसतं. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते सुरू केलं. कामाचा कणा मात्र गावसंघटना, बहुतेक ठिकाणी बायकांच्या. ग्रामसभेत ठराव होतो, पानठेलेवाल्याशी बोलणं होतं, आणि बोलणारी त्याची मावशी नाहीतर शेजारीण असते. इन्स्पेक्टरला चुकवता येतं, मावशीला रोज तोंड दाखवावं लागतं.

९. बैठक कशी घ्यायची

नवी समिती काढू नका. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आधीच दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आहे. त्याच सभेत हा विषय घ्या आणि आशाताई, बीट हवालदार, तालमीचे वस्ताद किंवा कबड्डीचे प्रशिक्षक, मंडळाचा अध्यक्ष, समोरचा दुकानदार यांना निमंत्रण द्या. आठवी-नववीतले चार विद्यार्थीही हवेत. भाषणबाजी सुरू झाली की तेच पहिल्यांदा जांभई देतात, म्हणून तर ते हवेत.

पहिलं काम प्रश्नावलीचं. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, कागद पेटीत. वर्गशिक्षकांनी उघडायचे नाहीत. समजा, २०० मुलांनी कागद भरले. गेल्या महिन्यात काहीतरी घेतलं असं १८ जणांनी लिहिलं, म्हणजे ९ टक्के. ‘आपल्या वर्गातली किती मुलं घेतात असं वाटतं?’ याला सरासरी उत्तर आलं ४० टक्के. पुढे पाहिलं तर त्या १८ पैकी १३ जणांनी लिहिलंय, दुपारी घरी कोणी नसतं. ११ जणांनी लिहिलंय, शाळेत माझ्याशी कोणी नीट बोलत नाही.

एवढ्या चार आकड्यांत वर्षभराचं काम आहे. पहिल्या दोन आकड्यांची बातमी फळ्यावर लिहा: दहातली नऊ मुलं घेत नाहीत. कोणत्याही व्याख्यात्यापेक्षा तिचा परिणाम जास्त होईल. तिसऱ्या आकड्यासाठी दुपारी शाळेचं मैदान आणि एक खोली उघडी ठेवता येईल का, ते पाहा. मुंबईत ‘सलाम बॉम्बे फाउंडेशन’ गेली वीसहून जास्त वर्षं महापालिका शाळांतल्या मुलांसाठी तंबाखूविरोधी कामाबरोबरच खेळ आणि कलांचे वर्ग चालवतं, ते याच हिशेबानं. चौथ्या आकड्यासाठी शिक्षकांच्या खोलीत मुलांच्या नावांची यादी लावा आणि ज्या मुलाला आपण ओळखतो त्यापुढे प्रत्येकानं खूण करायची. खूण न झालेली नावं हाच उत्तराचा कागद. वीस मिनिटांत होतं, पैसे लागत नाहीत, आणि जरा लाजायला होतं.

एखादं मूल नशा करताना सापडलंच तर? दाखला हातात देऊन मोकळं व्हावं, असा मोह मुख्याध्यापकांना होतो. आठवीपर्यंत कायद्यानं ते करताच येत नाही. पुढच्या वर्गांतही, आधीच आधार थोडे असलेल्या मुलाचा त्यातला एक आपण स्वतःच्या हातानं काढून घेतो. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर व्यसनाबाबत विनामूल्य सल्ला मिळतो, मूल संकटात असेल तर १०९८ आहे. त्या पालकांना बोलवायचं ते ऑफिसात नव्हे, समुपदेशकाकडे.

आणि २६ जूनचं व्याख्यान आधीच ठरलं असेल, पत्रिका छापून झाली असेल, तर ते रद्द करू नका. फक्त वेळ बदला. सकाळी मुलांसमोर नको. रात्री साडेआठला ठेवा, कामावरून आलेल्या आई-वडिलांसाठी. भाषण वीस मिनिटांत संपवा, खुर्च्या गोल करा आणि एका इमारतीतल्या, एका गल्लीतल्या पालकांना एकत्र बसवून त्यांच्या हातात एक कोरा कागद द्या. व्याख्यात्याच्या मानधनातून चार पैसे उरले तर मैदानावर एक दिवा लागतो का, ते इलेक्ट्रिशियनला विचारून ठेवा. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो आणि कबड्डी थांबते.